चार नंबरच्या सभागृहातले घड्याळ

मित्रांनो, मी एक जुने भिंतीवरचे घड्याळ आहे. आयुष्यात मी पुष्कळदा थांबले आहे, पण बिघडून एकदाही नाही. हे आधीच सांगून ठेवते, कारण थांबलेल्या घड्याळाकडे लोक कसे पाहतात ते मला चांगले माहीत आहे. आधी हळहळतात, मग पेटीवर एक चापट मारतात आणि शेवटी माळ्यावर टाकतात.

माझा जन्म एका अरुंद गल्लीतल्या कारखान्यात झाला. कारखाना कसला, दोन खोल्या आणि तीन कारागीर. त्यातल्या थोरल्या कारागिराने माझी पेटी अक्रोडाच्या लाकडाची केली, आत आठ दिवस पुरेल अशी स्प्रिंग बसवली आणि दाराला खाली लंबक दिसण्यापुरती एक गोल काच लावली. मला तपासायला त्याने महिनाभर समोर टांगून ठेवले होते. शेवटच्या दिवशी तो धाकट्याला म्हणाला, "हे आठवड्याला अर्धं मिनिटही चुकत नाही. याला चांगल्या घरी द्यायचं."

घर चांगले मिळाले, आणि केवढे मोठे! ज्या इमारतीपुढे सगळ्या देशांचे झेंडे एका रांगेत फडकतात आणि जिथे जगभरचे लोक भांडण मिटवायला येऊन आधी मनसोक्त भांडतात, अशा एका इमारतीच्या चार नंबरच्या सभागृहात मला लावले गेले. माझ्याखाली अध्यक्षांची खुर्ची होती. समोर लांबलचक मेजे, प्रत्येक मेजावर देशाच्या नावाची पाटी आणि पाटीमागे प्रतिनिधी. बसायचा क्रम अक्षरांप्रमाणे. त्यामुळे अवाढव्य देशाच्या शेजारी एखादे चिमुकले बेट यायचे आणि दोघांनाही एकाच मापाची खुर्ची असायची. काही मोठ्यांना ती खुर्ची फार टोचायची. वरच्या काचेच्या खोलीत दुभाषी बायका बसत. खाली कुणी रागाने मेजावर मूठ आपटली तरी त्या बिचाऱ्या शांत आवाजात सांगायच्या, "माननीय प्रतिनिधी असहमत आहेत."

माझी देखभाल करणाऱ्या गृहस्थांना सगळे चावीकाका म्हणत. दर सोमवारी सकाळी नऊ वाजता ते स्टूल आणायचे, कोटाच्या खिशातून माझी चावी काढायचे आणि मोजून चौदा फेरे द्यायचे. जाताना काचेवर फुंकर घालून बाहीने पुसायचे. माणूस कमी बोलणारा होता, पण माझ्याशी बोलायचा. मोठमोठ्या प्रतिनिधींना तो नुसती मान हलवून नमस्कार करी आणि मला मात्र "काय राजा, बरं आहे ना?" असे रोज विचारी. मला त्याचा फार अभिमान वाटायचा.

आता माझ्या पहिल्या थांबण्याची गोष्ट सांगते. त्या इमारतीत एक पद्धत होती. बैठक किती वाजेपर्यंत चालणार हे पहिल्या दिवशीच ठरायचे. समजा, शुक्रवारी संध्याकाळी सहा. सहाचे टोले पडले की बैठक संपली आणि करार झाला नसेल तर सगळी मेहनत पाण्यात. पण कधीकधी करार अगदी ओठावर आलेला असायचा. दोन ओळी राहिलेल्या असायच्या आणि काटे पाच पंचावन्नवर यायचे. त्या दिवशी असेच झाले. अध्यक्षांनी सगळ्या मेजांकडे पाहिले, सगळ्यांनी माना डोलावल्या आणि अध्यक्षांनी चावीकाकांना खूण केली. काका स्टुलावर चढले, त्यांनी माझे दार उघडले आणि दोन बोटांनी माझा लंबक धरला.

मी थांबले. बाहेर दिवे लागले, तरी माझ्याकडे पाच पंचावन्नच. सभागृहात सगळे जण सहा वाजायचेच आहेत असे धरून काम करत होते. मला लाजेने मेल्याहून मेल्यासारखे झाले. आठवड्याला अर्धे मिनिट न चुकणारे मी, आणि सगळ्या जगापुढे धडधडीत खोटे बोलत होते! करार झाला, सह्या झाल्या, टाळ्या झाल्या. मग काकांनी सगळ्यांसमोर पुन्हा स्टूल लावले, आपल्या मनगटावरचे घड्याळ पाहून माझे काटे बरोबर केले आणि लंबकाला हलकेच बोट लावले. माझी नाराजी त्यांना कळली असावी.

"रुसू नकोस," ते म्हणाले. "एकानं गुपचूप थांबवलं तर ती लबाडी. सगळ्यांनी मिळून, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत थांबवलं तर तो करार. आणि ज्यानं थांबवलं, त्यानंच सुरू करायचं. हे विसरलं की संपलं."

एवढे बोलून त्यांनी माझ्या पेटीत डोके घातले आणि बाजूच्या फळीच्या आतल्या अंगाला पेन्सिलीने दोन बारीक नोंदी केल्या. डावीकडे "थांबवले" आणि तारीख, उजवीकडे "सुरू केले" आणि तारीख. आत डोके घालून पाहिल्याशिवाय त्या कुणाला दिसत नाहीत. पुढच्या काही वर्षांत अशा एकूण दहा ओळी झाल्या. दहा करारांसाठी मी थांबले आणि दहा वेळा काकांनी मला सुरू केले. पुढे पुढे मला त्याची लाज वाटेनाशी झाली. खरे सांगायचे तर थोडा तोरासुद्धा आला.

अकरावी ओळ मात्र अर्धीच राहिली.

ती बैठक माशांची होती. एक समुद्र, त्याच्या काठावर सात देश. मासे कमी होत चालले होते आणि जो तो दुसऱ्याकडे बोट दाखवत होता. सगळे ठरत आले, फक्त जाळ्याचे भोक केवढे असावे एवढेच राहिले. लहान भोक ठेवले तर पिल्लेही अडकतात, मोठे ठेवले तर कोळ्यांच्या हाती काही लागत नाही. एक बाजू म्हणे एक बोट, दुसरी म्हणे दोन बोटे. पाच पंचावन्नला काकांनी मला थांबवले. दोन तास वाद झाला. मग एका प्रतिनिधीने आपली पाटी पालथी घातली आणि तो निघून गेला. त्यामागून दुसरा गेला. बघता बघता सभागृह ओस पडले. अध्यक्ष मान खाली घालून गेले. मला सुरू करा, असे सांगायला कुणी राहिलेच नाही.

काकांनी माझ्या पेटीत डोके घालून डावीकडची तेवढी नोंद केली. "अध्यक्षांनी सांगितल्याशिवाय मी हात लावणार नाही," ते म्हणाले. "बोलणी थांबलीयत. संपली असं कुणी म्हटलेलं नाही." पुढच्याच आठवड्यात सगळ्या सभागृहांत लाल आकड्यांची विजेची घड्याळे आली. मला काढून तळघरात मोडक्या खुर्च्यांच्या मागे ठेवले. पाच पंचावन्नवर थांबलेले मी तिथे अकरा वर्षे होते. काका अधूनमधून खाली यायचे. मग ते निवृत्त झाले आणि यायचे थांबले. तळघरात मी कुणाला दोष दिला नाही, पण सोमवार आला की मन उगीच दाराकडे लागायचे.

एक दिवस दार उघडले आणि एक बाई आत आल्या. त्या आंतरराष्ट्रीय कायदा शिकवत आणि आपल्या विद्यार्थ्यांना ती इमारत दाखवायला घेऊन आल्या होत्या. गंमत म्हणजे त्या स्वतः विद्यार्थिनी असताना अशाच सहलीत आल्या होत्या आणि माशांच्या त्या शेवटच्या दिवशी वरच्या सज्जात बसल्या होत्या. मला कसे थांबवले ते त्यांनी पाहिले होते. अकरा वर्षांनी इमारतीतल्या साहेबांना त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो "ते घड्याळ कुठे गेलं?" साहेबांनी अर्ज लिहायला लावला आणि मला देऊन टाकले.

सीमेवर जकात अधिकाऱ्याने आमचे खोके उघडायला लावले.

"हे घड्याळ कुठल्या देशाचं?" त्याने विचारले.

"तसं सगळ्याच देशांचं आहे," बाई म्हणाल्या.

"अहो बाई, फॉर्ममध्ये एकच रकाना आहे."

दोघांनी बराच विचार केला. शेवटी त्याने "जुने, घरगुती" असे लिहून शिक्का मारला. घरगुती म्हटलेले मला तेव्हा अपमानास्पद वाटले होते. आता वाटत नाही.

बाईंचा वर्ग तिसऱ्या मजल्यावर होता. चाळीस बाके, एक मोठा नकाशा, खडूची धूळ आणि खिडकीबाहेर बसचा थांबा. बाईंनी मला फळ्याच्या वर टांगले, चावी दिली आणि लंबकाला बोट लावले. अकरा वर्षांनी माझा आवाज मला ऐकू आला. त्या दिवशी मी सगळे टोले जरा जास्तच खणखणीत दिले.

मित्रांनो, त्या वर्गात मला जे सुख मिळाले ते सभागृहात नव्हते. तिथे लोक वाद घालायचे, इथे शिकायचे. बाई पुस्तक वाचून दाखवत नसत. दर वर्षी त्या माशांची बैठक वर्गात भरवत. पुठ्ठ्याच्या पाट्या करायच्या, अक्षरांच्या क्रमाने बसायचे आणि प्रत्येकाला त्याच्या मताच्या अगदी उलट मताचा देश द्यायचा. "दुसऱ्याच्या खुर्चीत बसल्याशिवाय ती कुठं टोचते ते कळत नाही," असे त्या म्हणत. वेळ संपत आली आणि करार जवळ आला की अध्यक्ष झालेल्या मुलाने किंवा मुलीने सगळ्यांची संमती घेऊन मला थांबवायचे. थांबवायची पद्धत बाईंनी सज्जातून पाहिली होती, म्हणून ती त्यांनी शिकवली. सुरू करायची पद्धत त्यांनी कधी पाहिलीच नव्हती. थांबवलेले घड्याळ आठवण झाली की कुणीतरी सुरू करायचे, एवढेच.

कचेरीतल्या हेडक्लार्कांना मी डोळ्यांसमोर नको होते. आठवड्याला चावी कोण देणार, स्टूल कोण आणणार, हा त्यांचा प्रश्न. कपाटात एक विजेचे घड्याळ त्यांनी तयारच ठेवले होते. "एकदा बंद पडू दे," ते म्हणायचे, "दुसऱ्या दिवशी खाली उतरवतो."

मग तो वर्ग आला ज्यात कलम होती. हे तिचे खरे नाव नव्हे. जेवणाच्या सुट्टीत कुणी तिचा डबा उघडला तरी ती कायद्याचे एखादे कलम सांगायची, म्हणून नाव पडले. तिचे वडील बस चालवायचे. त्या इमारतीत जायचे, ते चार नंबरचे सभागृह डोळ्यांनी पाहायचे, हा तिचा ध्यास होता. ज्यांच्या घरून जमे ती मुले बाईंबरोबर सहलीला जात. कलमच्या घरून ते जमण्यासारखे नव्हते. तिच्यासाठी एकच रस्ता होता, वादस्पर्धा. दोन कल्पित देशांच्या भांडणात एकाची बाजू कागदावर मांडायची. निवडल्या गेलेल्या तुकड्यांना त्या शहराचा प्रवास मिळायचा. कलम, तिचा उंच मित्र, ज्याला सगळे शिडी म्हणत, आणि शिडीची मावसबहीण असे तिघे चार महिने खपत होते. तीन प्रती शुक्रवारी पाचच्या आत, दोन रस्ते पलीकडच्या कार्यालयाच्या खिडकीवर द्यायच्या होत्या.

त्याच शुक्रवारी दुपारी वर्गात माशांची बैठक होती आणि अध्यक्ष होती कलम. साडेतीनला बैठक संपायची होती. तीन पंचवीसला तिने सगळ्यांची संमती घेतली, शिडीने हात वर करून माझे दार उघडले आणि तिने स्टुलावर चढून माझा लंबक धरला. पाऊण तासाने करार झाला. जाळ्याचे भोक दीड बोट! वर्गाने बाके बडवली आणि सगळे आनंदाने बाहेर धावले. मला सुरू करायचे कुणाच्याच लक्षात राहिले नाही. तेव्हा खिशात फोन नसायचे, मनगटी घड्याळ तिघांत एकाकडेही नव्हते.

तिघे वर्गात परत येऊन शेवटची पाने स्वच्छ अक्षरात उतरवायला बसले. कलमने माझ्याकडे पाहिले. तीन पंचवीस.

"दीड तास आहे," ती म्हणाली. "सावकाश लिहा."

थोड्या वेळाने तिने पुन्हा पाहिले. "बघा, अजून साडेतीनही नाही वाजले. आज हात काय चालतोय आपला!"

मित्रांनो, मी वर जिवाचा आटापिटा करत होते. पण थांबवलेल्या घड्याळाला ओरडता येत नाही. जिने स्वतःच्या हाताने मला थांबवले, तीच माझ्यावर पूर्ण विश्वास ठेवून बसली होती.

शेवटी शिडीने मान वर केली. "टिकटिक का ऐकू येत नाहीये?" तिघांनी एकदम गोल काचेकडे पाहिले. मग बाके कुठे, दप्तरे कुठे, तिघे जिन्यावरून धावत सुटले.

पुढचे मला दुसऱ्या दिवशी त्यांच्या बोलण्यातून कळले. खिडकीवरचे कारकून कुलूप लावत होते. "कागद घेतो की," ते म्हणाले, "पण शिक्का खरा मारीन." शिक्क्यावर पाच वाजून बारा मिनिटे उमटली. उशीर का झाला ते लेखी कळवा, समिती ठरवेल, असे त्यांनी सांगितले.

शनिवारी तिघे माझ्याखाली बसले. मावसबहिणीचा रडून आवाज बसला होता. "घड्याळ बंद पडलं होतं, असं लिहू," ती म्हणाली. "खोटं थोडंच आहे? बंद होतंच."

"आणि घड्याळ जुनं आहे हे सगळ्यांना माहीत आहे," शिडी म्हणाला. दारात हेडक्लार्क कान देऊन उभे होते. माझे काय होणार ते मला दिसू लागले.

कलमने नकारार्थी मान हलवली. "काल बाबांना सांगितलं," ती म्हणाली. "ते म्हणाले, बस सुटली की मागून धावत येणारा प्रत्येक जण हेच सांगतो. घड्याळ मागं होतं. एवढ्या वर्षांत एकही म्हणाला नाही की मी उशिरा निघालो."

मग तिने कागद ओढला आणि लिहिता लिहिता मोठ्याने वाचू लागली. "आमचे घड्याळ बंद पडले नव्हते. मी ते थांबवले होते आणि सुरू करायला विसरले. ते थांबवायला आमच्या वर्गाने संमती दिली होती, आपल्या कार्यालयाने नाही. ज्याने सही केली नाही त्याच्यावर करार बंधनकारक नसतो. त्यामुळे आमच्या वर्गात साडेतीन वाजायचे असले, तरी आपल्या खिडकीवर पाच वाजून बारा मिनिटेच झाली होती."

"तू आपल्या बाजूची आहेस की त्यांच्या?" शिडीने कपाळावर हात मारला. पण सही त्यानेही केली. मावसबहिणीनेही केली. हेडक्लार्क निघून गेले. मला जर डोळे असते तर त्या क्षणी ते भरून आले असते.

त्यानंतर कलम माझी पेटी पुसायला स्टुलावर चढली. अपराधी वाटत असणार. आत फडके फिरवताना तिला फळीवरची पेन्सिल दिसली आणि तिने पेटीत डोके घातले. बाईंना हाक मारली. दोघींनी अकराही ओळी वाचल्या आणि शेवटच्या ओळीतल्या रिकाम्या जागेशी दोघीही थबकल्या. बाईंना ती तारीख पाठ होती. त्या दिवसापासून वर्गाचा नियम झाला, ज्याने थांबवले त्यानेच, सगळ्यांसमोर, सुरू करावे.

समितीचे उत्तर आले. अर्ज फेटाळला होता. उशीर तो उशीर. पण खाली एक ओळ होती. स्पर्धेत निरीक्षकांच्या काही जागा असतात. निरीक्षकाला प्रवास मिळतो, बसायला मिळते, बोलायला मात्र मिळत नाही. तशा तीन जागा या तिघांना दिल्या होत्या.

"कलमनं तीन दिवस गप्प बसायचं," बाई म्हणाल्या. "एवढी शिक्षा पुरे."

ती जाऊन आली आणि आठवडाभर बोलत होती. चार नंबरच्या सभागृहात भिंतीवर माझ्या पेटीएवढा फिकट डाग अजून आहे म्हणे. लाल आकड्यांच्या घड्याळाला दारच नाही, मग थांबवणार कसे? तिथल्या म्हाताऱ्या दुभाष्या बाईंना चावीकाका आठवत होते. आणि दप्तरखान्यात तिने माशांची फाईल पाहिली. तिच्यावर "समाप्त" असे कुठेच नव्हते. "स्थगित" होते.

वर्षे गेली. बाई निवृत्त झाल्या, तरी दर सोमवारी मला चावी द्यायला येत राहिल्या. हेडक्लार्कांचे विजेचे घड्याळ व्हरांड्यात लागले आणि सेल संपून दोनदा बंद पडले. मी हसले नाही, असे म्हणणार नाही.

मागच्या सोमवारी बाई चावी देत असताना दारात एक चष्मेवाली बाई येऊन उभी राहिली. केस पांढरे होऊ लागलेले, हातात बॅग. तोंड उघडल्याबरोबर मी ओळखले, कलम होती. आता ती त्या इमारतीत काम करते. मोठी साहेब वगैरे नाही, तिसऱ्या रांगेत बसून मसुदे लिहिते. माशांची बैठक पुन्हा भरली होती आणि शुक्रवारी सातही देशांनी सह्या केल्या होत्या.

"जाळ्याचं भोक?" बाईंनी विचारले.

"दीड बोट."

बाई खुर्चीत बसल्या. "अगं, ते तर तुम्ही या वर्गात एका दुपारी ठरवलं होतं."

"त्यांना आणखी तीस वर्षं लागली, बाई."

तिने पहिल्या बाकावरच्या मुलीकडून पेन्सिल मागून घेतली. सगळा वर्ग पाहत असताना ती स्टुलावर चढली, माझ्या पेटीत डोके घातले आणि अकराव्या ओळीच्या उजवीकडे शुक्रवारची तारीख लिहिली. खाली बारीक अक्षरात तिने लिहिले, "चावीकाकांच्या वतीने."

मित्रांनो, मी तुमच्याकडे फार काही मागत नाही. आठवड्याला चावी द्या, काच पुसा. कधी थांबणे भाग पडले तर चारचौघांना सांगून थांबा आणि थांबवलेले काम सुरू करायला स्वतः परत या. यायला उशीर झाला तरी चालेल. मी ती जागा रिकामी ठेवली होती.